मसुद्यावर हरकती मागवणं की आधीपासून समितीत बसवणं?

घातक केमिकल किंवा कीटकनाशक देशात आयात होऊ द्यायचं का, हे ठरवताना लोकांना विचारायचे दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे मसुदा तयार करून वेबसाइटवर टाकायचा नि लेखी हरकती मागवायच्या. दुसरा म्हणजे कृषी, आरोग्य, पर्यावरण, कस्टम्स, कंपन्या, शेतकरी, मजूर संघटना सगळ्यांना पहिल्यापासून एका कायमच्या समितीत घ्यायचं.

पहिला स्वस्त आणि झटपट. रॉटरडॅम करारात (घातक केमिकल नि कीटकनाशकांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, १९९८चा, २००४ पासून लागू) यादीतल्या केमिकलची माहिती पाठवली गेली की ९ महिन्यांत आयातीबद्दल उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे घाईत हाच बरा वाटतो. पण लेखी हरकत कोण पाठवणार? ज्यांच्याकडे वकील आहेत ते, म्हणजे कंपन्याच, फवारणी करणारा मजूर थोडीच पीडीएफ वाचत बसणारे, आणि विषबाधा होते ती त्यालाच!

समितीला वेळ लागतो, भांडणं होतात, आणि कंपनीवाले तिथेही वरचढ ठरू शकतात म्हणून कुणाचे हितसंबंध काय ते आधी जाहीर करून घ्यायलाच हवं. तरी माझं मत समितीलाच. कारण आयात नाकारली तर त्याच करारानुसार देशातल्या वापरासाठीचं उत्पादनही थांबवावं लागतं, मग पर्याय काय, शिल्लक साठ्याचं काय, कस्टम्सवाला डबा ओळखणार कसा, हे प्रश्न समोरासमोर बसल्याशिवाय सुटत नाहीत. हरकती मागवाच, पण समितीचा मसुदा झाल्यावर.