नऊ खिशांचा झिपवाला कार्ड बाइंडर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवला, ८९९ ला पडला, पाकिटावर कंपनीचं नाव धड नाही म्हणून नाव विचारू नका. घेतल्या घेतल्या रिव्ह्यू टाकणार होतो पण म्हणलं आमच्या लातूरचा मे आणि नंतरचा भादवा काढू दे याला, मग बोलू. आता दिवाळी झाली, बोलतो.

आधी हे कामून घेतलं ते सांगतो नाहीतर कळणार नाही. माझ्याकडं लहानपणीची कार्डं आहेत, बिग फन बबलगममध्ये निघायची ती रन-विकेट छापलेली, थोडी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं, आणि आता पोराची आयपीएलची क्रिकेट अटॅक्स, ती तर बक्कळ. दोन-तीन वर्षांखाली मी हौसेनं गंजगोलाईच्या बाजारातून एक फोटो अल्बम आणला, जाड चकचकीत प्लास्टिकचा, उघडला की नव्या रेनकोटसारखा वास, आणि सगळी जुनी निवडक कार्डं त्यात लावून वरच्या पत्र्याच्या खोलीत कपाटात ठेवला. जूनमध्ये काढला तर श्रीनाथचं कार्ड निघेना. नखानं कोपरा उचलला, हळूहळू ओढलं, आणि चर्रर्र करून श्रीनाथचा अर्धा चेहरा प्लास्टिकवरच राहिला. अशी एकूण अकरा गेली. नंतर कळलं की ते पीव्हीसी होतं, ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट केमिकल घालतात ते उन्हाळ्यात बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. दुकानदाराची चूक नाही, त्यानं फोटोसाठी विकला होता, कार्डं मी घातली.

मजा म्हणजे जी कार्डं मी टाकाऊ म्हणून गावाकडंच सोडली होती, औसा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं घर आहे तिथं देवळीत बिस्किटाच्या डब्यात, ती एकदम ठणठणीत निघाली. माळवदाखाली मे महिन्यातपण गारच असतं ना. फक्त रबर बँड लावलेला होता तो वितळून वरच्या आणि खालच्या कार्डाला चिकटला आणि कडांना खाचा पडल्या, मधली सगळी कोरी करकरीत. तर रबर बँड लावू नका भाऊ, आणि पत्र्याची खोली तर नकोच नको.

आता बाइंडर. पानं पॉलिप्रोपिलीनची आहेत, म्हणजे पीव्हीसी नाही, उघडल्यावर वास नाही हे मी पहिलं नाकानं बघितलं. २० पानं, एका बाजूला ९ खिसे, दोन्हीकडून मिळून ३६०. खिशाचं तोंड वरून नाही, आतल्या शिवणीकडून आहे, ही सगळ्यात कामाची गोष्ट कारण पोरगं बाइंडर उलटा धरून पळतं तरी कार्ड घरंगळत नाही. पानं शिवलेली आहेत, रिंग नाही. याचा तोटा असा की मध्ये पान वाढवता येत नाही, पण आधीच्या गोल रिंगच्या फाइलीत पहिल्या ओळीच्या कार्डांवर रिंग दाबून अर्धचंद्रासारखे वळ उठले होते, त्यापेक्षा हे परवडलं. रिंगचीच पाहिजे असेल तर इंग्रजी डी सारखी सरळ पाठ असलेली रिंग बघून घ्या.

मापाचं सांगतो. नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच असतं, ते पातळ स्लीव्हसकट, म्हणजे एकेका कार्डाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीसकट, खिशात बसतं पण घट्ट, पहिल्यांदा घालताना घाम फुटतो. स्लीव्ह वेगळे घ्यावे लागतात, १०० चं पाकीट मला १५० ला मिळालं. स्लीव्हमध्ये कार्ड सरळ कोंबलं की खालचा कोपरा अडकून दुमडतो, मी पोराला शिकवलं की स्लीव्हच्या तोंडाला एका कोपऱ्यात कात्रीनं बारीक तिरकी चीर दे, मग सुळकन जातं. ट्रम्प कार्डं अरुंद, ती ढिली बसतात. आणि टॉपलोडर, म्हणजे एका कार्डाचं कडक प्लास्टिकचं पाकीट, या खिशात अजिबात जात नाही, त्यामुळं खरी जपायची चार-पाच कार्डं वेगळीच ठेवावी लागतात.

३६० खिसे आहेत म्हणून ३६० भरू नका. मी भरले, तर बाइंडर पोळीसारखा फुगला आणि झिप कोपऱ्यावर अडकायला लागली, ओढताना एक दात सुटला. झिप हीच या मालाची सगळ्यात रद्दी गोष्ट. आता तीनशेच्या आत ठेवलेत आणि पुस्तकासारखा उभा ठेवतो, आडवा ठेवून वर काही रचलं की खालची कार्डं दबतात.

उन्हाळ्याचा रिझल्ट: पूर्ण मे काढला, एकपण कार्ड चिकटलं नाही. पण चमकीवाली कार्डं पापडासारखी वाकली! मला वाटलं ऊन, पण नाही, कूलर. बैठकीत कूलरच्या समोरच्या रॅकवर ठेवला होता, दिवसभर ओली हवा, आणि चमकीचा थर पाणी पीत नाही, खालचा पुठ्ठा पितो, म्हणून एकीकडं ओढ बसते. बेडरूमच्या कपाटात हलवला, वाकलेली टॉपलोडरमध्ये घालून वर पुस्तकं ठेवली, महिन्याभरात बरीचशी सरळ झाली. झिपमुळं धूळ येत नाही हे खरं पण ओल आत आली की आतच राहती, म्हणून पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या, रंग बदलणारं आणलं, केशरी हिरवं पडलं की काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर परत केशरी करायचं.

आईनं कसर लागू नये म्हणून मायेनं डांबरगोळ्या ठेवल्या होत्या त्या मी गुपचूप काढल्या, त्याची वाफ काही प्लास्टिकला मऊ करते. तिला वेखंड ठेवू दिलं, तेपण बाइंडरच्या बाहेर.

हे सगळं एवढं कामून, असं बायकोनं विचारलं तेव्हा पोरानं तिला मोबाइलवर दाखवलं की २०२२ ला मिकी मँटल नावाच्या बेसबॉलवाल्याचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, कार्ड किती जपलंय याचा दहापैकी साडेनऊचा ग्रेड होता त्याला. ती म्हणली मग तुमच्या श्रीनाथचं काय येईल. अर्ध्या चेहऱ्याचं काय येणार.

पाचपैकी साडेतीन स्टार. पानांना पाच दिले असते, झिपनं दीड खाल्ला. पोरासाठी दुसरा घ्यायचाय, कुणाला लातूर नाहीतर नांदेडात दुकानात हातात घेऊन झिप ओढून बघता येईल असा मिळत असेल तर सांगा.