विलगीकरणातल्या रुग्णासाठी कोणतं ॲप: साधा व्हिडिओ कॉल, वॉर्डचं ॲप की मन सांभाळणारं?

विलगीकरण कक्षातल्या रुग्णांसाठी मोबाईल ॲप आणायचं ठरलं की वॉर्डच्या प्रमुखांपुढे तीन पर्याय येतात. रुग्णाच्या स्वतःच्या फोनवरून साधा व्हिडिओ कॉल, रुग्णालयाने घेतलेलं वॉर्डचं ॲप, आणि श्वसन, झोप, मूड वगैरे सांभाळणारी ॲप्स. विकायला येणारे तिन्ही एकाच रांगेत बसवतात. खरं तर ती तीन वेगळ्या गरजांसाठी आहेत.

घरच्यांशी संपर्क तुटतो, हे सगळ्यांनाच दिसतं. पण कर्मचाऱ्यांचं आत येणंही कमी होतं, हे चटकन लक्षात येत नाही. दर वेळी गाऊन, हातमोजे, मास्क चढवायचे म्हटल्यावर जाता-जाता डोकावणं बंदच होतं. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात विलगीकरणातल्या रुग्णांना टाळता येण्याजोगे अपाय इतरांपेक्षा जास्त झालेले दिसले, त्यांच्या तक्रारीही जास्त होत्या. म्हणून कुठल्याही ॲपबाबत माझा पहिला प्रश्न एकच: आत पडलेल्या माणसाला कोण कधी येणार हे यातून कळतं का?

साधा व्हिडिओ कॉल

शिकवावं काही लागत नाही आणि घरचे आधीपासून त्याच ॲपवर असतात, ही याची मोठी जमेची बाजू. व्हॉट्सॲपवरचा संवाद २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे बोलणाऱ्या दोघांखेरीज तो कोणाला उलगडता येत नाही. मात्र कॅमेऱ्यात मागचा मॉनिटर किंवा उघडी फाईल दिसत असेल तर त्या एन्क्रिप्शनचा काय उपयोग?

अडचणी असतात त्या भलत्याच ठिकाणी. सलाईन नेमकी फोन धरायच्या हाताला लावलेली असते. चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचत नाही. हवा बाहेर खेचणाऱ्या यंत्रणेचा आणि हाय-फ्लो ऑक्सिजनचा आवाज एवढा असतो की इअरफोनशिवाय पलीकडचं बोलणं कळत नाही. लांब वायर, फोन अडकवायचा स्टँड आणि इअरफोन एवढं पुरवलं तरी निम्मं काम होतं. ज्याला दोन वाक्यं बोलताना धाप लागते त्याला व्हिडिओ कॉलचा आग्रह करू नये. घरच्यांनी रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकतो.

पुराव्याचं म्हणाल तर तो तोकडा आहे. ज्येष्ठांच्या एकटेपणावर व्हिडिओ कॉलचा किती उपयोग होतो, याचा कॉक्रेन या संस्थेचा (ती उपलब्ध वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते) २०२० चा आढावा तीन चाचण्या आणि २०१ माणसांवर थांबला. ती सगळी माणसं नर्सिंग होममधली होती, रुग्णालयातली नव्हे. तरीही कॉलची सोय लगेच करावी असंच मी म्हणेन, कारण रुग्ण ती मागतात आणि तिच्यासाठी नवं काही उभारावं लागत नाही. ‘आमच्या ॲपने एकटेपणा कमी होतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला मात्र आकडे मागा.

वॉर्डचं ॲप

इथे माझं मत जरा कडक आहे. पाणी हवंय, पलंग वर करायचाय, पुढचं औषध कधी, राउंड किती वाजता, हे सगळं आतून विचारता येणं मोलाचं आहेच. त्याहून चांगली सोय म्हणजे नर्सने खोलीबाहेर, मास्क न लावता बसता येईल अशा जागेवरून केलेला व्हिडिओ कॉल. दिवसेंदिवस नुसते डोळे बघणाऱ्या रुग्णाला पहिल्यांदा चेहरा दिसतो, आणि दर प्रश्नासाठी गाऊन चढवावा लागत नाही.

पण विनंती पलीकडे कोणाच्या हातात पडते, यावर सगळं अवलंबून आहे. ती नर्सिंग स्टेशनवरच्या अशा संगणकावर उमटत असेल जिथे रात्री कोणी बसतच नाही, तर साधी बेल परवडली. बेल काढून तर मुळीच टाकू नये. छातीत दुखलं, दम लागला तर ॲप नाही, बेलच दाबायची, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

सामायिक टॅबलेट घेणार असाल तर संसर्ग नियंत्रणवाल्यांना आधी बोलवा. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. त्यांना क्लोरीनसारखं जहाल रसायन लागतं, आणि स्क्रीनला ते लावू नका असं अनेक उत्पादक सांगतात. मग पूर्ण झाकणारं, पुसता येणारं कव्हर घ्या, किंवा रुग्ण घरी जाईपर्यंत टॅबलेट त्याच खोलीत ठेवा. आधीच्या रुग्णाचं लॉगिन आणि फोटो पुसणं कोणाचं काम, हेही लिहून ठरवा.

मन सांभाळणारी ॲप्स

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर कित्येक आठवडे खोलीत राहणाऱ्याला, किंवा क्षयरोगामुळे वेगळं ठेवलेल्या पण हिंडता-फिरता असलेल्या माणसाला श्वसनाचे व्यायाम, झोपेचं वेळापत्रक, मूडची नोंद यांचा आधार होऊ शकतो. तापाने ग्लानीत असलेल्याला, भ्रम झालेल्या वृद्धाला यातलं काहीच देऊ नये.

निवडताना खातं न उघडता चालणारं बघा. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०२० मध्ये काढलेलं ‘कोविड कोच’ तसं होतं. उलट बाजूला ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ कंपनीचं उदाहरण आहे: मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये त्यांनी ७८ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. आणखी एक: ‘जगावंसं वाटत नाही’ असं रुग्णाने रात्री ॲपमध्ये लिहिलं, तर ते वॉर्डात कोणाला कळणार आहे? कोणालाच नसेल, तर ते ॲप देताना रुग्णाला तसं स्पष्ट सांगा.

मग घ्यायचं काय?

मुक्काम काही दिवसांचाच असेल तर साधा कॉल, ठरलेली वेळ आणि ती पाळणारा एक कर्मचारी पुरे. बहुतेक वॉर्डांना इथेच थांबता येईल. मुक्काम लांबणारा असेल आणि रात्रपाळीतही विनंतीला उत्तर देणारं माणूस असेल, तरच वॉर्डचं ॲप घ्या. तिसरा प्रकार मानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा समुपदेशकाच्या जोडीला, रुग्ण स्वतः म्हणाला तर.

करारावर सही करण्याआधी रात्री दोन वाजता रिकाम्या खोलीतल्या पलंगावरून पाणी मागणारी विनंती पाठवा आणि कोण, किती वेळात येतं ते बघा. वॉर्डात आधी सांगून मात्र करू नका.