भुसावळची वखार: होडीच्या बाउस्प्रिटसाठी सागवान

होडीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, निघणारा दांडा, बाउस्प्रिट, घरीच करायचा होता. वखारीच्या मालकांना म्हटलं, "शेठ, चौकटीचं लाकूड नको, बिनगाठीचं सरळ रेषेचं द्या." त्यांनी कुरकुर न करता अख्खी थप्पी उपसायला लावली. अडीच इंची चौरस, सहा फुटी नग निघाला. रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. जिब, म्हणजे होडीचं पुढचं तिकोनी शीड, दांड्याला वर खेचतं, रेषा तिरकी असली की लाकूड तिथेच चिरतं. (खालून नाळेला तार ताणायचीच, नुसत्या सागावर भिस्त नको.) रंधा मारून दिला, त्याचे पैसे वेगळे. चौरसाचा अष्टकोन, मग गोल, हे काम घरी केलं. भाव चढाच, आणि पक्कं बिल मागितलं की शेठचा चेहरा उतरतो. साग तेलकट असतो. अ‍ॅसिटोनने पुसूनच इपॉक्सी (चिकट राळ) लावा.