अ‍ॅन्सिबल आणि सिस्टमडी: १८ दूध संकलन केंद्रांवर नऊ महिने वापरल्यानंतर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या १८ दूध संकलन केंद्रांचे पीसी मी सांभाळतो. प्रत्येक ठिकाणी एक छोटा पीसी, ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), आणि मागे चार सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम, कायम चालू पाहिजेत (ते चालू ठेवायचं काम लिनक्समधलं सिस्टमडी करतं): काट्याचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचणारी, फॅट मशीनचं रीडिंग घेणारी, पावती छापणारी आणि दिवसाचा डेटा वर पाठवणारी. आधी हे सगळं हातानं चालायचं, म्हणजे गावात जाऊन नाहीतर फोनवर सेक्रेटरींना एकेक अक्षर सांगत कमांड टाईप करून घ्यायची. जानेवारीपासून सगळं अ‍ॅन्सिबलवर आणलं, म्हणजे एका जागेवरून अनेक मशीनवर सेटिंग लावणाऱ्या टूलवर.

अ‍ॅन्सिबलच का, तर समोरच्या मशीनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) आणि पायथॉन असलं की झालं. २०१२ पासूनचं टूल आहे, २०१५ ला रेड हॅटनं घेतलं, तरी ओपन सोर्सच आहे. सर्व्हिसच्या फाईलचं एकच टेम्प्लेट ठेवलंय, केंद्राचा कोड, पोर्ट आणि बॉड रेट (पोर्टवरचा डेटाचा वेग) तेवढे केंद्रागणिक वेगळे. सप्टेंबरमध्ये नवीन केंद्र सुरू झालं तेव्हा सगळं बसायला वीसेक मिनिटं लागली, पूर्वी अर्धा दिवस जायचा. पोर्टचं मात्र आधी बघून घ्या. लिनक्स पोर्टला आपोआप देतं ते टीटीवाययूएसबी-शून्य असं नाव टाकलं तर केबल काढून लावली की ते एक होऊन बसतं आणि फॅट मशीनच्या जागी काटा वाचला जातो. बाय-आयडी वाला पाथ (उपकरणाच्या ओळखीवरून ठरणारा) वापरायचा, पण स्वस्तातल्या यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टरला सिरीयल नंबरच नसतो, दोन सारखे लावले की ते ओळखूच येत नाहीत, तिथं बाय-पाथ (कुठल्या खाचेत लावलंय त्यावरून ठरणारा) वापरायचा आणि कुठली केबल कुठल्या खाचेत ते पीसीवर चिकटवून ठेवायचं.

आता जुलैमधली गोष्ट. पहाटे लाईट येत-जात होती. पीसी यूपीएसवर चालू राहिला पण काटा बंद पडला. वजन वाचणाऱ्या सर्व्हिसला रीस्टार्ट ऑन-फेल्युअर (पडली की परत सुरू) लावलेलं, मी निर्धास्त. सिस्टमडीचं डिफॉल्ट असंय की प्रोग्रॅम पडला की १०० मिलिसेकंदात परत उठवायचं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही पडला तर नाद सोडायचा. काटा दोन मिनिटांनी चालू झाला पण सर्व्हिस एका सेकंदातच पाचही वेळा पडून गप बसलेली. पावणेसहाची वेळ, किटल्या घेऊन लोकं रांगेत, आणि सगळ्यांच्या पावत्या हातानं लिहाव्या लागल्या. आता रीस्टार्ट-सेक (परत उठवायच्या आधी थांबायची वेळ) ५ सेकंद केलंय आणि स्टार्ट-लिमिट-इंटरव्हल-सेक शून्य, म्हणजे किती वेळा उठवायचं याची मर्यादाच काढली. ही लिमिट सर्व्हिसच्या फाईलमधल्या युनिट सेक्शनमध्ये लिहायची असते, सर्व्हिस सेक्शनमध्ये लिहिली तर लॉगमध्ये एक वॉर्निंग येते आणि ती ओळ सोडून दिली जाते. माझ्याकडून तसंच झालं होतं आणि टेम्प्लेट एकच असल्यामुळं ती चूक एका झटक्यात १८ ठिकाणी गेली. तेव्हापासून कुठलाही बदल आधी एकाच केंद्रावर, चेक आणि डिफ (काय बदलेल ते न बदलता दाखवणारे पर्याय) लावून बघून, दुपारी दूध नसताना करतो.

त्याहून जास्त त्रास अ‍ॅन्सिबलच्या हँडलरनं दिला. फाईल बदलली तरच सर्व्हिस रीस्टार्ट कर असं हँडलरमध्ये लिहिता येतं, फार चांगली सोय आहे, पण हँडलर चालतो शेवटी. एका केंद्रावर नवीन दरपत्रकाची फाईल गेली, पुढचं पॅकेज डाउनलोड करायचं टास्क नेट हळू म्हणून फेल झालं, त्यामुळं हँडलर चाललाच नाही. मी परत रन केलं, या वेळी सगळं हिरवं, कारण फाईल आधीच बरोबर होती, बदल काही नाही म्हणून रीस्टार्टही नाही. डिस्कवर नवा दर आणि चालू प्रोग्रॅममध्ये जुना दर असं तीन दिवस चाललं. शेतकऱ्यांच्या दहा दिवसांच्या बिलात फरक काढून द्यावा लागला आणि मला ते फार लागलं, तिथं एकेक रुपया मोजून बघणारी माणसं आहेत. आता फोर्स-हँडलर्स (टास्क फेल झालं तरी हँडलर चालव) चालू आहे आणि दरपत्रकाच्या टास्कनंतर लगेच फ्लश-हँडलर्स (शेवटाची वाट न बघता आत्ताच चालव) टाकलंय.

सिस्टमडीच्या दोन गोष्टींवर मी खूश आहे. एक टायमर. सेक्रेटरी रात्री मेन स्विच बंद करून जातात, त्यामुळं क्रॉनवरचा (ठरल्या वेळी काम चालवणारं जुनं टूल) रात्रीचा बॅकअप कधीच होत नसे. टायमरला पर्सिस्टंट लावलं की चुकलेलं काम सकाळी पीसी चालू झाल्या झाल्या होतं. दुसरं वॉचडॉग. सर्व्हिस चालू दिसते पण आत अडकलेली असते, हे आमच्याकडं फार व्हायचं. आता प्रोग्रॅमनं दर थोड्या वेळानं जिवंत असल्याचं कळवायचं, नाही कळवलं तर सिस्टमडी त्याला मारून परत उठवतं. प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या फक्त.

नाही आवडलं ते म्हणजे डोंगराकडच्या केंद्रांवर रेंज जाते तेव्हा अ‍ॅन्सिबल त्यांना अनरीचेबल म्हणून सोडून देतं आणि कुठं राहिलं ते आपणच लक्षात ठेवायचं. अशा पाच ठिकाणी अ‍ॅन्सिबल-पुल लावलं, केंद्रच नेट आलं की गिटवरून (आमच्या फाईली जिथं ठेवल्यात तिथून) ओढून घेतं. हे बरं चाललंय. फाईलच्या परमिशनचा मोडही (कोण वाचू-लिहू शकतं ते सांगणारा आकडा) कायम अवतरणात लिहा, नुसतं ६४४ लिहिलं तर ते अष्टमानाऐवजी दशमान धरलं जातं आणि फाईलला भलत्याच परमिशन लागतात.

दोन-तीन मशीन असतील तर अ‍ॅन्सिबल शिकायच्या आधी सिस्टमडीच नीट समजून घ्या, निम्मा त्रास तिथंच मिटतो. माझ्याकडं या १८ सोडून आणखी दोन केंद्रं आहेत, तिथल्या फॅट मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून ती अजून हातानंच चालू आहेत. अ‍ॅन्सिबलमध्ये विंडोज सर्व्हिससाठी वेगळं मॉड्यूल आहे, ते दिवाळीनंतर तिथं लावून बघणार आहे.