महाबळेश्वरच्या खोल्यांचा ॲडव्हान्स: ६६,४४८ रुपये गेले ते असे

आधी २८,२२४. मग २८,२२५. मग ९,९९९. एकूण ६६,४४८ रुपये, तेही एका दुपारीत. महाबळेश्वरात मे महिन्यात चार रात्री, तीन खोल्या, यासाठी ॲडव्हान्सच्या नावाखाली आमच्याकडून घेतलेले हे पैसे. हॉटेल खरं आहे, जुनं आहे, आणि त्याच्या रजिस्टरमध्ये या बुकिंगची एक ओळही नाही. पैसे घेणारा नंबर त्याच संध्याकाळी बंद झाला.

बनावट वेबसाइट, नकाशावर बदललेला फोन नंबर, यूपीआयने पैसे, हा प्रकार आता सगळ्यांनाच ऐकून माहीत आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये पर्यटकांसाठी नेमका याच बाबतीत इशारा दिला होता. तरीही लोक फसतात आणि वर ‘एवढंही कळलं नाही का’ हे ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आधी हे सांगतो की उन्हाळ्यात ॲडव्हान्स मागणं यात संशय घेण्यासारखं काहीच नसतं. शाळांना सुट्टी लागली की महाबळेश्वर-पाचगणीत चांगली हॉटेलंसुद्धा निम्मे, कधी पूर्ण पैसे आधी घेतात, एका रात्रीसाठी खोली देत नाहीत, आणि सकाळी दिसलेली खोली संध्याकाळी राहत नाही. पैसे भरा नाहीतर खोली सोडा, हे खरा मॅनेजरही सांगतो आणि भामटाही. आमच्याशी फोनवर बोलणारा भामटा मराठीतच बोलत होता, अदबीने, थेट सातारी वळणाचं. जेवण शाकाहारी हवं का, वयस्कर माणसं असतील तर तळमजला देऊ का, असं सगळं त्याने आपणहून विचारलं. ही मंडळी धंद्याची भाषा शिकून बसलेली असतात.

खोटेपणाच्या खुणा होत्या. पहिली फोटोंमध्ये. हिरवेगार डोंगर, दाट धुकं, भरून कोसळणारा लिंगमळ्याचा धबधबा. मे महिन्यात महाबळेश्वर असं नसतंच. डोंगर वाळलेले असतात, लिंगमळ्याला जेमतेम पाणी असतं. ते सगळे फोटो जुलै-ऑगस्टचे. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मेमध्येही दिवसा १२ ते १५ अंश’. महाबळेश्वरची उंची साधारण १,३७० मीटर, पुण्याची ५६०. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे फरक पडतो पाचेक अंशांचा. पुण्यात चाळीस असताना तिथे भर दुपारी पंधरा कुठून येणार? उकाड्याने जीव नकोसा झालेला माणूस हा हिशेब मांडत बसत नाही, आणि त्या बारा-पंधराच्या आकड्याचं आमिष ते म्हणूनच दाखवतात. माथेरानच्या जाहिरातीत ‘दारापर्यंत गाडी, पार्किंग मोफत’ असं दिसलं तर तिथेच थांबा. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत, हे माथेरानच्या कुठल्याही खऱ्या हॉटेलवाल्याला माहीत असतं.

पण संताप होतो तो पावतीचा. ती पैसे पाठवण्याआधीच हातात आली होती. ४,२०० रुपयांच्या तीन खोल्या, चार रात्री, म्हणजे ५०,४००. त्यावर जीएसटी १२ टक्के, ६,०४८. एकूण ५६,४४८, त्याचे निम्मे २८,२२४. हिशेब बिनचूक, आणि दर चुकीचा! दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच जीएसटी आहे. खरा कर झाला असता २,५२०. चोरांनी जुनाच नमुना वापरला होता आणि दर बदलायला विसरले होते. ही चूक पावतीवर ठळक अक्षरात छापलेली होती.

तिच्या खालच्याच ओळीत जीएसटी क्रमांक होता. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७. महाबळेश्वरातल्या हॉटेलच्या बिलावरचा क्रमांक २७ सोडून दुसऱ्या आकड्याने सुरूच होऊ शकत नाही, कारण नोंदणी जागा जिथे आहे त्या राज्यातली लागते. या पावतीवर होते ०८, म्हणजे राजस्थान. पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन असतात, आणि पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं. कंपनीला सी, भागीदारी संस्थेला एफ, एकट्या माणसाला पी. पावतीच्या डोक्यावर ‘प्रा. लि.’ आणि क्रमांकात पी! जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नाव-पत्ता पाहता येतो. नंतर पाहिलं तर क्रमांक खरा होता, दुसऱ्याच कुणाच्या दुकानाचा. त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.

आणि शेवटची खूण, पिन टाकायच्या आधीची. पैसे पाठवताना यूपीआय ॲप खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. तिथे हॉटेलचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, ‘अकाउंटंट साहेबांचं खातं आहे, सीझनमध्ये करंट अकाउंटची लिमिट भरते.’ पटण्यासारखं खोटं आहे हे. करंट खात्यात पैसे जमा व्हायला अशी मर्यादा आड येत नाही. हॉटेलच्या नावाचं खातं दिसलं नाही की व्यवहार तिथेच सोडायचा, पुढचं स्पष्टीकरण ऐकायचंच नाही.

दुसरा हप्ता कसा काढतात तेही नीट समजून घ्या, कारण पहिल्या रकमेनंतर थांबलेले फार थोडे भेटतील. ‘पैसे आले, पण बुकिंग आयडी जोडला गेला नाही. शेवटचा अंक बदलून २८,२२५ पाठवा, आधीचे आपोआप परत येतील.’ इथे माणूस नवे पैसे द्यायचे म्हणून देत नाही, अडकलेले सोडवायचे म्हणून देतो. मग ‘रिफंड सुरू करायला’ ९,९९९ अनामत. त्यानंतर १४,९९९ मागितले, तेव्हा फोन ठेवला. कोणत्याही बँकेत, कोणत्याही ॲपमध्ये पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत.

आता यंत्रणा. १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार लागली आणि पोचक्रमांक मिळाला. एक गोष्ट तेव्हाच हाताशी हवी, प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक. पेमेंट ॲप स्वतःचा एक लांबलचक व्यवहार क्रमांक वर दाखवतं, तो चालत नाही. बारा अंकी तपशिलात खाली सापडतो. तो शोधण्यात वेळ गेला की चोरांचं फावतं. पैसे काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि एटीएममधून निघतात. म्हणून आधी १९३०, मग बँक, मग बाकी सगळे.

बँकेने काय केलं? दुसरा शनिवार होता. ग्राहक सेवेने सांगितलं, सोमवारी शाखेत या. सोमवारी शाखेने सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकला, हा अनधिकृत व्यवहार नाही. ते आम्हालाही कळतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं ग्राहकाचं संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी होतं, म्हणून भरपाई मागितलीच नव्हती. मागितलं होतं इतकंच की समोरच्या बँकेला लगेच कळवा. तक्रार चोवीस तास घेण्याची सोय ठेवा, असं बँकांना त्याच परिपत्रकात सांगितलेलं होतं. शनिवार-रविवार पैसे हलतात, यूपीआय चालतं, चोर कामावर असतात, फक्त तक्रार ऐकणाऱ्याला सुट्टी! लेखी तक्रार द्या आणि त्यावर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. बँकेकडे तक्रार दिल्याचा पुरावा तिथे लागतो.

पोलीस ठाण्यात तर हद्दीचाच वाद. हॉटेल सातारा जिल्ह्यात, खातं परराज्यात, पैसे गेले पुण्यातून, मग ‘आमच्याकडे कशाला आलात?’ एकाने ग्राहक मंचाचा रस्ता दाखवला. कुठला ग्राहक आणि कुठला विक्रेता? ही तोतयेगिरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि ३१९, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. हे सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. शेवटी घेतला तो साधा ‘तक्रार अर्ज’. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, आणि अर्जावर तपासाचं चक्र फिरत नाही. दोन्हींतला फरक न सांगता लोकांना पोच देऊन घरी पाठवतात, माणूस समाधानाने जातो आणि महिनोन्‌महिने वाट बघतो. नोंद नाकारली तर त्याच कलमाच्या पोटकलम ४ खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा, शहरात असाल तर उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी आहेत. टपालाची पावती जपून ठेवा.

खऱ्या हॉटेलचं उत्तर होतं, ‘आमच्या नावाने असे फोन सारखे येतात.’ सारखे येतात, मग स्वतःच्या पानावर दोन ओळींची सूचना का नाही? नकाशावरचा नंबर दुरुस्त का नाही केला? महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या हॉटेलांकडे ०२१६८ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर अजून असतो. त्यावर फोन करा आणि मोबाइलवर ठरलेलं बुकिंग पडताळा. लँडलाइन नसेल तर व्हिडिओ कॉलवर रिसेप्शन आणि दारावरची पाटी त्याच क्षणी दाखवायला सांगा. ‘नेट नाही’ म्हणाला तर पैसेही नाहीत. आणि शक्य असेल तिथे क्रेडिट कार्ड वापरा. कार्डाच्या व्यवहारावर वाद दाखल करता येतो, यूपीआयने गेलेल्या पैशांना तसा परतीचा सोपा रस्ता नाही.

थंड हवेसाठी दूर जाणाऱ्यांसाठीही सापळे तयार आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास लागू झाला. तो तमिळनाडू सरकारच्या पोर्टलवर फुकट मिळतो, त्याचे कुणी पैसे मागत असेल तर ती लूट आहे. मनालीत रोहतांग खिंडीला परवाना लागतो, अटल बोगद्यातून जायला लागत नाही, तरी ‘टनेल परमिट’ विकणारे आहेत. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाने तर बनावट साइटांचा सुळसुळाट आहे.

६६,४४८ पैकी ११,३०० रुपये एका खात्यात गोठवले गेले आहेत, बाकीचे काढून घेतलेले. हे गोठवलेले पैसे बँकेने आपणहून दिले नाहीत, न्यायालयाचा आदेश आणा म्हणाली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आहे. सोबत १९३० चा पोचक्रमांक, तिन्ही यूटीआर, स्वतःच्या खात्याचा बँकेचा शिक्का असलेला उतारा आणि रक्कम कुठल्या खात्यात थांबली आहे त्याचं पोलिसांचं पत्र. बाकी सगळं तयार आहे, अडलंय ते याच पत्रापाशी. तपास अधिकारी बदलले की नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, त्यामुळे कागदांचे संच जास्तीचेच काढून ठेवा.