निळ्या प्रकाशाची अभिक्रिया-पेटी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या सीताबर्डीतील एका प्रयोगशाळा-साहित्य विक्रेत्याकडून आम्ही ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडी दिव्यांची पेटी घेतली, ती मुक्त मूलकांच्या (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या, अतिशय क्रियाशील कणांच्या) साहाय्याने नवी अमिनो आम्ले तयार करण्यासाठी. सेरिन या अमिनो आम्लातून पाण्याचा रेणू काढला की डीहायड्रोअ‍ॅलनिन मिळते. त्याच्या दुहेरी बंधाच्या टोकाच्या कार्बनवर, प्रकाश शोषून अभिक्रिया घडवणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकामुळे निर्माण झालेले कार्बन-मूलक जोडले जाते आणि निसर्गात न आढळणारी बाजूची साखळी तयार होते. अशा मूलकांना पाण्याचे वावडे नसल्यामुळे हीच युक्ती पेप्टाइडांवरही, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्यांवरही, चालते. तेथे डीहायड्रोअ‍ॅलनिन बहुधा सिस्टीन या अमिनो आम्लापासून बनवतात.

प्रकाश सर्व बाटल्यांवर सारखा पडतो, ढवळणीही बिनतक्रार चालते. पंखा मात्र दुबळा आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की बाटल्या तापतात आणि नको ते उपपदार्थ वाढतात. शेवटी आम्ही शेजारी टेबलपंखा लावला. त्याहून खटकणारी बाब म्हणजे झाकणाला हवा बाहेर घालवणाऱ्या नायट्रोजनच्या नळीसाठी छिद्रच नाही. ऑक्सिजन मूलकांना चटकन अडवतो, हे पेटी बनवणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते. विक्रेत्याने ‘छिद्र तुम्हीच पाडून घ्या’ एवढेच सांगितले.

उत्पादनात रेणूची डावी आणि उजवी (एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेली) रूपे जवळपास निम्मी-निम्मी मिळतात, हा दोष पेटीचा नव्हे. अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यातील मूलक जवळजवळ सपाट असते, त्यामुळे एकच रूप हवे असल्यास कायरल सहायक गट (अभिक्रिया एकाच बाजूने घडवून आणणारा जोड-गट) जोडलेले डीहायड्रोअ‍ॅलनिन वापरावे लागते.