बिल तीन फाउंडेशनचं, बदललं एकच

घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजात पेट्रोल हॅचबॅक आली. तक्रार एवढीच, की सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिनाला टॉमी (लोखंडी पहार) लावली, जोर दिला. इंजिन हललं. "बघा साहेब, तिन्ही फाउंडेशन गेलीत." बिल साडेसात हजार. थरथर तशीच. त्यावर उत्तर, "रबर नवीन आहे, बसायला वेळ लागेल."

टॉमीने इंजिन हलणारच. फाउंडेशन म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा माउंट: दोन लोखंडी भागांच्या मधे घट्ट चिकटवलेलं रबर, त्याने थोडं हलायचंच असतं. खरी तपासणी अशी: हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, पहिल्या गिअरला क्लच जेमतेम पकडेल इतकाच सोडा, मग रिव्हर्सला तसंच. बघणाऱ्याने गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. इंजिन उचललं जाऊन धाडकन आपटलं तर रबर फाटलंय किंवा लोखंडापासून सुटलंय. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, तेवढ्यावरून फाउंडेशन बदलायचं कारण नाही. आत द्रव भरलेलं हायड्रॉलिक फाउंडेशन असेल तर गळतीचा काळपट ओघळ शोधा.

या गाडीत आपटत काहीच नव्हतं. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात, काजळी साचून आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) खाली आलं होतं, एसीचा लोड पडला की इंजिन गचके खायचं. साफसफाईने काम झालं.

चोरी सापडली ती बॅटरीवरून. बऱ्याच छोट्या गाड्यांत गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन बॅटरीच्या ट्रेखाली असतं, तसंच इथेही. बॅटरी काढल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही. पण टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी जशीच्या तशी, क्लॅम्पच्या बोल्टवर धूळ, आणि डॅशबोर्डचं घड्याळही बरोबर वेळ दाखवत होतं. बॅटरी सुटली की या गाडीत ते नव्याने लावावं लागतं. टायमिंगच्या बाजूच्या, म्हणजे इंजिनाच्या दुसऱ्या टोकाच्या, फाउंडेशनच्या बोल्टांवरही पान्याचा ताजा ओरखडा नाही. नवं होतं फक्त खालचं, टॉर्क रॉडचं (इंजिनाला पुढे-मागे डोलू न देणारा दांडा).

तेही चुकीचं बसवलेलं. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन उचलायचं, बोल्ट हाताने लावायचे, वजन पुन्हा फाउंडेशनवर आलं की मगच आवळायचे. इथे इंजिन लटकतं असतानाच आवळले, म्हणून रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं.

"जुने पीस" म्हणून दाखवलेल्यांपैकी एक तर दुसऱ्याच गाडीचा निघाला. त्याच्या ब्रॅकेटला तीन भोकं, हिच्या ब्रॅकेटला दोन.